पगारपत्रकावरचं फुटबॉल

भिवंडीला जपान ठाऊक आहे तो मागामुळे. धामणकर नाक्यापासून कामतघरपर्यंत कुठल्याही मागवाल्याकडे चहाला बसा, बोलणं फिरून फिरून जपानी एअरजेट मागावर येतं. टोयोटा जगाला गाड्यांमुळे माहीत झाली, पण तिची मुळं साकिची टोयोडांच्या यंत्रमागात आहेत, हे इथल्या जुन्या कारखानदारांना सांगावं लागत नाही. मला आज त्याच जपानची दुसरी एक गोष्ट माझ्या गावाला सांगायची आहे. तीही सूतगिरणीतूनच निघते आणि होमारे सावा नावाच्या एका फुटबॉलपटू बाईपाशी येते.

आधी गिरणी. ओसाकाजवळच्या काइझुका इथे निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तिथे काम करणाऱ्या मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ होता आणि हिरोबुमी दाइमात्सू हे त्यांचे प्रशिक्षक. मुली दिवसा कंपनीचं काम करायच्या, ते संपलं की सरावाला उभ्या राहायच्या, आणि तो सराव मध्यरात्रीपर्यंत चालायचा. त्या कडक शिस्तीवर जपानमध्येही टीका झाली, आणि मला ती टीका रास्तच वाटते. पण १९६२ साली हा संघ जगज्जेता झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवून जपानने सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात बहुतेक जणी याच गिरणीच्या होत्या. या मुलींची नावं गिरणीच्या पगारपत्रकावर होती, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कंपनीने खेळाडूला नोकरी द्यायची, खेळाडूने कंपनीच्या नावाने खेळायचं, ही रीत आपल्याला परकी नाही. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्रा यांचे फुटबॉल संघ होते. कुपरेज मैदानावर त्यांचे सामने बघायला लोक काम टाकून जायचे. फरक एवढाच, की ते सगळे पुरुषांचे संघ होते. जपानी कंपन्यांनी मुलींनाही त्या हजेरीपटावर घेतलं.

१९८९ साली जपानमध्ये महिला फुटबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा सहा संघ होते. होमारे सावा तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्म ६ सप्टेंबर १९७८ चा, गाव टोकियोजवळचं फुचू. मोठा भाऊ फुटबॉल खेळायचा, त्याच्या मागोमाग ती मुलांच्या क्लबात शिरली. बाराव्या वर्षी योमिउरी बेलेझा या संघाकडून ती लीगमध्ये उतरली. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला 'आता पुरे झालं बाहेर खेळणं' असं सांगायला सुरुवात होते. पंधराव्या वर्षी, डिसेंबर १९९३ मध्ये, ती देशाकडून पहिला सामना खेळली. समोर फिलिपिन्स होतं आणि तिने चार गोल केले.

त्या काळात जपानमध्ये पैसा होता आणि कंपन्या हौसेने संघ पोसत होत्या. मग मंदी आली. १९९९ च्या विश्वचषकात जपान पहिल्याच फेरीत बाहेर पडलं, त्यामुळे सिडनी ऑलिंपिकचं तिकीट हुकलं आणि कंपन्यांनी हात आणखी आखडते घेतले. निक्को सिक्युरिटीज या रोखे कंपनीच्या संघाने १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली होती, तरी तो संघ बंद केला गेला. तीन वर्षं अजिंक्य राहूनही नोकरी टिकत नसेल तर खेळाडूने आणखी काय करायचं? भिवंडीत मंदीची झळ लागली की माग भंगारात जातात आणि कारागीर गावी परततो. तिकडे खेळाडूंवर तीच पाळी आली.

सावाने विद्यापीठ सोडलं आणि अमेरिका गाठली. पहिल्यांदा डेन्व्हर, मग २००१ पासून अटलांटा बीट, तिथल्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये. २००३ मध्ये ती लीगही पैशांअभावी बंद पडली आणि सावा जपानला परतली. २००९ मध्ये अमेरिकेत पुन्हा लीग उभी राहिली तेव्हा ती वॉशिंग्टनला गेली, आणि २०११ मध्ये मायदेशी येऊन कोबेच्या आयनॅक संघात दाखल झाली. विशीपासून तिशीपर्यंतचा हा सगळा प्रवास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. पायातली कला प्रत्येक वेळी तीच होती. पगार देणारं कोण आहे, त्यावर तिचा देश आणि घर ठरत होतं.

आता २०११. त्या वर्षी ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली. ते केंद्र चालवणाऱ्या तेप्को या वीज कंपनीचा महिला फुटबॉल संघ होता, मरीझे नावाचा. त्यातल्या मुली वीज केंद्रात नोकरी करायच्या आणि जवळच्या जे-व्हिलेज या क्रीडासंकुलात सराव करायच्या. दुर्घटनेनंतर ते संकुल मदतकार्याचा तळ झालं आणि संघ संपला. बचावपटू आया सामेशिमा त्या संघातली होती, आघाडीची कारिना मारुयामा पूर्वी त्याच केंद्रात कामाला होती. चार महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक झाला, तिथल्या जपानच्या संघात या दोघीही होत्या. प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी सामन्याआधी मुलींना त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या गावांची छायाचित्रं दाखवली. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान जर्मनी होता, आणि जादा वेळेत एकमेव गोल केला तो मारुयामाने. फुकुशिमाच्या केंद्रात काम केलेल्या मुलीने.

१७ जुलैला फ्रँकफर्टमध्ये अंतिम सामना अमेरिकेशी. त्याआधी जपानने अमेरिकेला एकदाही हरवलेलं नव्हतं. जादा वेळेतही अमेरिका २-१ ने पुढे. ११७ वं मिनिट, आया मियामाने डावीकडून कॉर्नर घेतला. चेंडू उंच न येता जवळच्या खांबाकडे आला. सावा गर्दीतून पुढे धावली, गोलकडे जवळजवळ पाठ करून तिने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडूला नुसता स्पर्श केला. चेंडू वळला आणि जाळ्यात गेला. मी ते चित्रण कितीदा पाहिलं असेल! पाय फार हललेलाही दिसत नाही. धोट्याला बरोबर क्षणी झटका बसावा, तसं ते आहे. मग पेनल्टीमध्ये गोलरक्षक आयुमी काइहोरीने दोन फटके अडवले आणि शेवटचा निर्णायक फटका वीस वर्षांच्या साकी कुमागाईने मारला. फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा जपान हा आशियातला पहिला देश ठरला.

सावा त्या स्पर्धेत पाच गोलांसह सर्वाधिक गोल करणारी आणि सर्वोत्तम खेळाडूही ठरली. जानेवारी २०१२ मध्ये झुरिचला जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून गौरव स्वीकारायला ती किमोनो नेसून गेली. पुरुषांमध्ये त्या वर्षी लिओनेल मेसी होता. लंडनचं ऑलिंपिक रौप्य आणि २०१५ मध्ये सहावा विश्वचषक अशी तिची कारकीर्द चालत राहिली. २७ डिसेंबर २०१५ ला ती शेवटचा सामना खेळली आणि त्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही तिनेच केला. देशासाठी २०५ सामने, ८३ गोल.

तिच्यानंतर जपानने पुढचं पाऊल टाकलं. सप्टेंबर २०२१ मध्ये 'वी लीग' ही पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. प्रत्येक क्लबने किमान १५ खेळाडूंशी व्यावसायिक करार करायचा, ही अट घातली. जी गोष्ट आधी कंपनीच्या मर्जीवर होती ती नियमात आली.

हे जपान आपल्या दारातही येऊन गेलं. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आशियाई महिला स्पर्धा महाराष्ट्रात झाली: नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. फ्रँकफर्टला शेवटचा फटका मारणारी कुमागाई आता कर्णधार होती. मधल्या काळात तिने फ्रान्सच्या लिऑं संघाकडून पाच वेळा युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली होती. नेरूळच्या मैदानावर जपानने थायलंडला ७-० ने हरवलं आणि उपांत्य सामन्यात बालेवाडीला चीनकडून पेनल्टीवर हार पत्करली. यजमान भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली, पण संघात कोरोना शिरला, पुढच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि भारताला स्पर्धाच सोडावी लागली.

कोणी म्हणेल, जपान कुठे, आपण कुठे. म्हणून एक जुनी नोंद सांगतो. जून १९८१, हाँगकाँग, आशियाई महिला स्पर्धा. जपानचा महिला संघ आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना तिथे खेळला, तैवानकडून हरला आणि गटातच बाद झाला. त्याच स्पर्धेत भारत तिसरा आला. त्याच्या आधीच्या, कोझिकोडच्या स्पर्धेत भारत उपविजेता होता, आणि १९८३ मध्ये पुन्हा उपविजेता. म्हणजे सुरुवातीला आपण पुढे होतो. त्या मुलींमध्ये कसर नव्हती. स्पर्धा संपल्यावर त्यांना सोमवारी सकाळी हजेरी लावायला कंपनी नव्हती, आणि शनिवार-रविवारी खेळायला राष्ट्रीय लीग नव्हती. भारतीय महिला लीग सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं.

महाराष्ट्रात मुली नाहीत असं तर मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात बेकनाळ हे गाव आहे. तिथल्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या, पुढे प्रशिक्षक झाल्या, आशियाई महासंघाचा 'ए' परवाना मिळवला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या तळागाळातल्या प्रशिक्षणाचं काम सांभाळलं. पुण्याची काजोल डिसोझा २०२२ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळली. आणि भिवंडीच्या शेजारी, मुंब्र्यात, सबा खान आणि त्यांच्या 'परचम' या संस्थेने २०१२ च्या सुमारास मुलींना फुटबॉल खेळायला बाहेर काढलं. मैदानात मुलगेच मुलगे. म्हणून या मुलींनी दारोदार फिरून मैदानासाठी सह्या गोळा केल्या. मुंब्रा आणि भिवंडी यांच्यात खाडी आहे, पण घरं तीच आहेत: तीच एक खोली, तीच पाण्याची वेळ, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचं तेच काम.

आमच्याकडे मुलींचं काम लवकर सुरू होतं. मागावर बहुतेक पुरुषच उभे असतात, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत. बायका आणि मुली कांडी भरतात, कापडाचे धागे कापतात, घड्या घालतात. आता गोदामांत पॅकिंगला जातात. संध्याकाळी माणकोली किंवा पूर्णा-काल्हेरच्या बाजूला उभं राहिलं तर गोदामांतून सुटलेल्या मुलींचे थवे दिसतात, गळ्यात ओळखपत्र, हातात डब्याची पिशवी, रिक्षासाठी पळत सुटलेल्या. त्यांच्या त्या पळण्याकडे मी बघत राहतो. कामाची सवय आहे, पायात जोर आहे, वय अठरा-एकोणीस आहे. काइझुकाच्या गिरणीतल्या मुलींची सुरुवात याहून वेगळी नव्हती.

म्हणून माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. पहिलं, मैदान. धोबी तलावाचं परशुराम टावरे स्टेडियम शहराचं आहे. आठवड्यातले तीन दिवस, रोज दोन तास, त्याच्या फाटकावर 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी महापालिकेने लावावी आणि ती वेळ कुठल्याही मेळाव्यासाठी मोडू नये. स्वच्छतागृह उघडं असावं, दिवे लागलेले असावेत, प्रशिक्षक बाई असावी. आईबाप मुलीला पाठवतील की नाही, हे या तीन गोष्टींवर ठरतं.

दुसरं, पगार. भिवंडीच्या वेशीवर देशातल्या बड्या बड्या कंपन्यांची गोदामं आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात आणि ऑलिंपिकमधल्या खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत बसतं. फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आहे. एका कंपनीने अकरा मुलींना अर्ध्या दिवसाचं काम आणि पूर्ण पगार दिला, दुपारी तीनला मैदानात सोडलं, तर एक संघ उभा राहतो. सहा कंपन्यांनी दिला तर लीग होते. जपानची सुरुवात सहाच संघांनी झाली होती. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहेच. पण तिथपर्यंत पोचायच्या आधीची जी पाच-सात वर्षं मुलीला घरात काढावी लागतात, त्या वर्षांचा भार कोणीतरी उचलला पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. २०२६ च्या त्या स्पर्धेच्या सोडतीत भारत आणि जपान एकाच गटात आले.

भिवंडीतल्या गोदाम मालकांनो, कारखानदारांनो, या लेखातलं काही पटलं असेल तर आपल्याकडे कामाला असलेल्या मुलींपैकी शाळेत कोण कोण खेळत होतं, एवढं उद्या सकाळी विचारून बघा.