मांजराचा मृत्यू आणि खाद्याची पिशवी

बंगळूरसारख्या शहरात आज पुष्कळशी मांजरे अंगणात नव्हे, तर बहुमजली इमारतींच्या बंद दारांआड वाढतात. त्यांना उंदीर मिळत नाही, ओट्याखाली टाकलेली मासळीची डोकी मिळत नाहीत. दूधभाताच्या जागी कारखान्यातून तयार होऊन आलेले कोरडे दाणे त्यांच्या ताटलीत पडतात. जे मिळते ते सर्व एकाच हातातून मिळते. असे मांजर एकाएकी अन्न सोडते, पाण्याच्या भांड्यापाशी मान खाली घालून बसून राहते आणि तीन-चार दिवसांत मरते, तेव्हा घरातील माणसांच्या दुःखात एक शंका मिसळलेली असते. आपणच वाढलेल्या अन्नाने तर ते गेले नाही ना?

ज्याच्या हातून मांजर मरेल त्याने सोन्याचे मांजर करून काशीस वाहावे, असा आपल्याकडे जुना समज आहे. या प्रायश्चित्ताला शास्त्राचा आधार नाही, हे उघड आहे. परंतु मांजराच्या मृत्यूचे ओझे माणसाच्या हातावर राहू शकते, एवढे तो समज रूढ करणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे. ‘नुसते मांजर तर होते’ असे समजावणाऱ्या शेजाऱ्याला ते ठाऊक नसते.

ही शंका निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही, याचे कारण २००७ साली उत्तर अमेरिकेत घडलेला प्रकार होय. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कॅनडातील एका मोठ्या उत्पादकाने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सुमारे ६ कोटी डबे व पाकिटे बाजारातून परत मागविली. एकाच कारखान्यातला माल कितीतरी निरनिराळ्या नावांनी विकला जात होता, ही गोष्ट लोकांना तेव्हाच कळली. त्यापूर्वी उत्पादकाच्या स्वतःच्या चाचणीत ते अन्न खाणारी काही मांजरे मेली होती. मूत्रपिंडे निकामी झाली होती, एवढेच प्रथम दिसत होते. उंदीर मारण्याच्या विषाचा संशय काही दिवस घेतला गेला. तो टिकला नाही. महिनाअखेरीस खाद्यातील गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे कणीक पाण्यात धुतली असता हाती उरणाऱ्या चिकट प्रथिनामध्ये, मेलामाइन सापडले. ते ग्लूटेन चीनमधून आलेले होते.

मेलामाइन आपल्या परिचयाचे आहे. न फुटणाऱ्या ताटल्या व कपबश्या त्यापासून करतात. ते अन्नात कोणी कशासाठी घालावे? याचे उत्तर एका जुन्या आणि प्रामाणिक रासायनिक पद्धतीत दडलेले आहे. १८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केलदाल या रसायनशास्त्रज्ञाने धान्यातील प्रथिने मोजण्याची एक रीत शोधून काढली. तीत प्रत्यक्ष प्रथिन मोजीत नाहीत. पदार्थातील नत्र मोजतात आणि प्रथिनात नत्र साधारणपणे शेकडा १६ असतो असे धरून हिशेब करतात. मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नत्राचाच असतो. निकृष्ट पिठात त्याची चिमूट मिसळली की कागदावर प्रथिन वाढते, ग्लूटेनला चढा भाव येतो, आणि तपासनीसाचे उपकरण खोटे न बोलताही फसते. अशाच लबाडीमुळे पुढच्याच वर्षी, २००८ साली, चीनमध्ये भेसळीच्या दुधाच्या भुकटीने सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि ६ दगावली. मांजरांनी आधी दिलेली सूचना माणसांच्या कामी आली नाही.

तरीही एक कोडे उरत होते. एकटे मेलामाइन तितकेसे विषारी नाही. मग मांजरे इतक्या लवकर का मेली? कॅलिफोर्निया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी मोजक्या मांजरांवर प्रयोग केला. केवळ मेलामाइन दिलेल्या मांजरांना काही झाले नाही. केवळ सायन्यूरिक आम्ल दिलेल्या मांजरालाही नाही. दोन्ही एकत्र मिळालेल्यांची मूत्रपिंडे मात्र दोन दिवसांच्या आत निकामी झाली. दूषित मालात ही दोन्ही द्रव्ये होती. ती परस्परांशी बांधली जाऊन न विरघळणारे स्फटिक बनतात व मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका बुजवितात. या ज्ञानासाठी आणखी काही मांजरांचे बळी गेले, हे लिहिताना हात किंचित अडखळतो.

या प्रकरणी शासनाने प्रारंभी खात्रीने मान्य केलेले मृत्यू वीसही नव्हते. मालकांच्या तक्रारी मात्र हजारांनी होत्या. या दोन आकड्यांमधल्या अंतरात पुष्कळ घरांचे दुःख कायमचे अडकून पडले. त्यांपैकी कोणी खोटे बोलत होते असे नव्हे. मांजराचे मूत्रपिंड निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. मांजराचा पूर्वज कोरड्या प्रदेशातला. ते पाणी थोडे पिते व मूत्र फार दाट करते. उतारवयात हे इंद्रिय पुष्कळदा थकतेच. लिलीच्या फुलाचा परागही ते विषाप्रमाणे बिघडवतो, आणि बंगळूरच्या फुलबाजारातून अशी लिली घरोघरी जाते. (आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळीही मांजरास प्राणघातक ठरते, तेथे यकृतातील उणीव आड येते.) बाहेरून ही सारी मरणे बरीचशी सारखी दिसतात.

भारतातील अनुभव याहून कठोर आहे. १९७४ च्या शरदात राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी धरली. तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने सुमारे ४०० माणसांना कावीळ व जलोदर झाला, शंभरांहून अधिक मरण पावली. आणि तोच मका खाणारी गावची कुत्रीही त्याच विकाराने मेली. हे विष नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. उघड्या पोत्यातून सुटे विकत घेतलेले दाणे पावसाळ्यात ओलसर होऊ देऊ नयेत, ते एवढ्याचसाठी.

बंगळूरमध्ये हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मृत्यूचे कारण शोधावयाचे असल्यास अशाच ठिकाणी शवविच्छेदन होऊ शकते. मात्र देह थंड जागी ठेवावा लागतो, गोठवावयाचा नसतो, कारण बर्फाचे कण पेशी फोडतात. आणि एका दिवसाच्या आत निर्णय करावा लागतो. नेमक्या त्याच दिवशी घरचे लोक रडत असतात, मुले खोका आणि फुले शोधीत असतात. पुष्कळ जण मांजर पुरून टाकतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

खाद्याची पिशवी तेवढी जपून ठेवणे कोणालाही शक्य असते. तळाशी उरलेले मूठभर दाणे मूळ पिशवीतच बंद ठेवावेत; तिच्यावरील गट क्रमांक व उत्पादनाची तारीख यांवाचून ते दाणे मुके असतात. २००४ साली आशियातील काही देशांत कुत्री-मांजरे अशीच मेली होती, आणि दोष बुरशीच्या विषावर गेला होता. तीन वर्षांनी, अमेरिकेतील प्रकार उलगडल्यावर, त्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाचे जपून ठेवलेले तुकडे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले गेले. त्यांत तेच स्फटिक सापडले.