गोळी आणि गोकुळ

नारायण पेठेतून बुधवार पेठ चालत पंधरा मिनिटांवर. एवढे अंतर चालायला पांढरपेशा पुण्याला फार वर्षे लागली. विजयाताई लवाटे ते चालून गेल्या. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करताना त्यांना दिसले, की आई एड्सने गेली की मागे राहिलेल्या एचआयव्हीबाधित लेकराला कोणी दारात उभे करीत नाही. १९९७ साली त्यांनी ‘मानव्य’ ही संस्था स्थापन केली. भूगावचे ‘गोकुळ’ हे त्याच संस्थेचे बालगृह.

त्या काळी अशा घरांपाशी होते तरी काय? विषाणूला रोखणारे संयुक्त उपचार १९९६ पासून जगात आले होते; आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून ते मोफत मिळू लागले १ एप्रिल २००४ पासून. तोवर वेळेवर ताजे अन्न, उकळलेले पाणी, क्षयावर आणि जुलाबावर तातडीचा इलाज, तापलेल्या कपाळावर हात, एवढेच भांडवल. ‘समग्र आरोग्य’ हा शब्द आता गुळगुळीत झाला आहे. तेव्हा त्याला नाव नव्हते.

आता गोळी आहे. मात्र ती रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायची. आमच्या बँकेत आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला तर दंड घेऊन भागत असे. इथे हप्ते चुकत गेले, की विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. वयात आलेला मुलगा ‘मलाच का?’ म्हणत गोळी उशीखाली लपवतो, तेव्हा त्याच्याशेजारी कोणीतरी बसावे लागते. प्राणायाम, बागकाम, गाणे यांची जागा मला तिथे दिसते. शवासनाने विषाणू मरत नाही. पण ज्याला स्वस्थ झोप लागते, उद्याची ओढ वाटते, तो गोळी चुकवत नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये ‘सेवालय’ सुरू केले. तिथली मुले ‘हॅपी म्युझिक शो’मधून रंगमंचावर उभी राहिली. हेही औषधपाणीच की!

‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्यांचा मात्र मला संताप येतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा आपला लाडका समज. लसणाच्या अर्काच्या कॅप्सूलने एका एचआयव्ही-औषधाची रक्तातली मात्रा निम्म्यावर आल्याचे प्रयोगात आढळले आहे. (फोडणीतल्या लसणाला, गृहिणींनो, घाबरू नका.)

गोकुळासारख्या घरांतली मुले आता मोठी होतात, नोकरीला लागतात, खोली शोधतात. एचआयव्हीच्या कारणावरून घर नाकारण्याला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. आमच्या पेठेत पेइंग गेस्ट ठेवणारी घरे पुष्कळ. ताटवाटीतून हा आजार पसरत नाही, हेही सर्वांना पाठ असते. तरीही गोळ्यांची बाटली कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी जागा खोलीत आहे का, हे ती मुले आधी पाहतात.