मुलाला मुलीचे नाव

माझ्या आधी जन्मलेले दोन भाऊ वर्षाच्या आतच गेले. तिसरा मी. सटवाईला चकवावे म्हणून आजीने माझे नाक टोचले, अंगात परकर घातला आणि 'सखू' अशी हाक मारायला सुरुवात केली. शाळेत नाव घालायला मायने नेले तेव्हा गुरुजींनी विचारले, "पोरगा हाय का पोरगी?" सगळा वर्ग हसला. गुरुजींनी हजेरीपटावर 'सखाराम' लिहिले; पण पुढे किती तरी वर्षे पोरे मला 'सखूबाई' म्हणूनच चिडवीत. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो येथे मांडतो आहे.

ज्या घरात मुलगे तगत नसत, तेथे ही चाल होती. मृत्यू आणि दृष्ट मोलाच्या वस्तूलाच झोंबतात, अशी समजूत. तेव्हा मुलगा बिनमोलाचा आहे असे भासवायचे. त्याचे दोन मार्ग होते. एक, त्याला दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिकू म्हणायचे. दुसरा, त्याला मुलगी म्हणायचे. ही चाल एकाच जातीची नव्हती. गांधीजींचा मारेकरी नथुराम गोडसे याचा जन्म १९१० चा. त्याचे मूळ नाव रामचंद्र. आधीचे मुलगे दगावले म्हणून त्याला नथ घालून मुलीसारखे वाढवले, आणि त्या नथीवरून तो नथुराम झाला.

आता या दोन मार्गांकडे नीट पाहा. दगड, कचरा, भीक आणि मुलगी ही सारी एका रांगेत बसवलेली आहेत. जे कोणालाच नको, ते मृत्यूलाही नको, हा त्यामागचा हिशेब. मुलीचे नाव मुलाला वाचवते, कारण मुलीला किंमत नाही. त्याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे मुलीलाच 'नकोशी' म्हणणे. सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना २०११ साली जाहीर समारंभात नवी नावे द्यावी लागली.

ज्या ग्रंथाची होळी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला केली, त्या मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे. त्यानंतर लगेच स्त्रियांचा नियम येतो : नाव उच्चारायला सोपे, कानाला गोड, शेवटी दीर्घ स्वर असलेले. म्हणजे कोणी कोणत्या नावाने ओळखले जावे, हे शूद्राला आणि स्त्रीला एकाच हाताने ठरवून दिले.

पहिला नियम आपण मोडला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांतले कचरू आणि धोंडू मागे पडले. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद आले. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नावाचे मोल वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांत आपली घरे जळाली, माणसे मारली गेली. ते नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. 'नावात काय आहे' असे म्हणण्याची चैन आपल्याला कधीच परवडली नाही.

दुसरा नियम मात्र आपण पाळीत राहिलो. प्रज्ञा, करुणा, मैत्री, समता ही आपली मूल्ये. ती नावे आपण मुलींना दिली. मुलाला द्यायची झाली तर शेपूट जोडतो : प्रज्ञानंद, करुणाकर. जुन्या नावांतही हेच होते. सीताराम, रमाकांत, गंगाधर या नावांत स्त्री आहे, पण कोणा पुरुषाच्या आश्रयानेच.

हे अटळ आहे असेही नाही. आपल्याच मराठवाड्यातल्या नांदेडला जाऊन पाहावे. शिखांमध्ये गुरप्रीत मुलगाही असतो, मुलगीही. पुढे सिंग की कौर एवढाच फरक. तिबेटी बौद्धांत तेनझिन हे दलाई लामांचे नाव मुलींनाही देतात.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला मुलगा झाला. ती म्हणाली, "बाबा, करुणा नाव ठेवू या." मी चटकन बोलून गेलो, "करुणाकर ठेव. पोरं हसतील." ती म्हणाली, "तुम्हांला हसले, ते तुमच्या नावाला हसले की बाईच्या जातीला?" आयुष्यभर समतेवर व्याख्याने देणारा मी गप्प राहिलो.

येथे एक भेद केला पाहिजे. आजीने दिलेले नाव भीतीचे होते. पोतराजाच्या अंगावर चढवलेला घागराही भीतीचाच. तो सोडून देण्यातच आपली सुटका होती. भीतीपोटी मुलाला मुलगी म्हणणे आणि मूल्य म्हणून त्याला करुणा म्हणणे, या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत. पहिलीत मुलीचे नाव कमी प्रतीचे ठरते, दुसरीत ते माणसाचे नाव होते.

नातवाचे नाव करुणाच ठेवले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचे नाव लागते, मग वडिलांचे. त्यामुळे त्याच्या दाखल्यावर दोन स्त्रीनावे ओळीने आली आहेत. तो शाळेत जाईल तेव्हा हजेरी घेणारे कदाचित आपल्यापैकीच कोणी असेल. त्या दिवशी वर्ग हसला, तर मास्तरांनी, बाईंनी खाली मान घालून पुढचे नाव घेऊ नये. हजेरीपट मिटावा आणि मुलांना विचारावे, "यात हसण्यासारखे काय आहे?"