निःशब्द हातांची भाषा : मेहली मेहता यांचे वृंदसंचालन आणि अध्यापन

१

‘कंडक्टर’ हा शब्द वर्गात उच्चारला असता वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर एस. टी. गाडीत तिकिटे देणारी व्यक्ती उभी राहते. शासनव्यवहारातील ‘वाहक’ हा पर्यायही तिच्याकडेच गेला आहे. ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाची गत याहून निराळी नाही. गणेशोत्सवात किंवा शारदोत्सवात चित्रपटगीतांचा जो कार्यक्रम होतो, तो आपल्याकडे ऑर्केस्ट्रा. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण होय. मूळ ग्रीक भाषेत हा शब्द नाट्यगृहातील नर्तनाच्या जागेचा वाचक होता. पुढे तो तेथे बसणाऱ्या वादकांचा झाला आणि मराठीत येता येता गाण्यांच्या एका रंजक कार्यक्रमापुरता उरला.

परिणाम असा की, ऐंशी-नव्वद वादकांसमोर उभा राहून स्वतः एकही स्वर न काढणाऱ्या संगीतकाराला आपण काय म्हणावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. ‘संगीत दिग्दर्शक’ चाल बांधतो, ‘संगीत संयोजक’ वाद्यांची योजना करतो; या दोघांहूनही निराळे असे त्याचे कार्य आहे. प्रस्तुत लेखात त्याच्यासाठी ‘वृंदसंचालक’ हा शब्द योजिला आहे. हा संचालक हातांनी नेमके काय बोलतो आणि ही भाषा एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, या दोन प्रश्नांचा विचार मुंबईत जन्मलेले वृंदसंचालक व अध्यापक मेहली मेहता (१९०८–२००२) यांच्या कार्याच्या आधारे करण्याचे योजिले आहे.

२

हातांनी ताल दाखविणे आपल्याला नवे नाही. नाट्यशास्त्रात तालाच्या क्रिया दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत : सशब्द आणि निःशब्द. आवाप, निष्क्राम, विक्षेप व प्रवेश या चार क्रिया निःशब्द होत. म्हणजे हात हलतो, पण ध्वनी उमटत नाही. आजही त्रितालाच्या सोळा मात्रा मोजताना नवव्या मात्रेवर आपण टाळी न देता हात नुसता बाजूस करतो आणि तिला ‘खाली’ म्हणतो. वादकसमूहासाठी ‘कुतप’ ही संज्ञाही त्याच ग्रंथात आहे. तेव्हा समूहाने वाजविणे आणि निःशब्द हाताने काळ मोजणे या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत होत्या. त्या दोहोंतून ‘न वाजविणारा संचालक’ हा स्वतंत्र व्यवसाय मात्र आपल्याकडे निर्माण झाला नाही.

युरोपातही हा व्यवसाय फार जुना नाही. पूर्वी प्रमुख व्हायोलिनवादक किंवा कळफलकाच्या वाद्यावर बसलेला संगीतकारच इतरांना सांभाळून नेई. रचना मोठ्या झाल्या, वादकांची संख्या वाढली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाती छोटी काठी घेऊन सर्वांसमोर उभा राहणारा संचालक स्थिर झाला. १८३५ मध्ये लायप्झिग येथील वृंदाची सूत्रे हाती घेणारे मेंडेल्सझोन हे या नव्या प्रथेच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी होत.

या संचालकाचा उजवा हात सामान्यतः काळ दाखवितो. चार मात्रांच्या आवर्तनात तो पहिल्या मात्रेस खाली, दुसरीस डावीकडे, तिसरीस उजवीकडे आणि चौथीस वर जातो. तीन मात्रांच्या आवर्तनात खाली, उजवीकडे आणि वर. येथे एक गंमत लक्षात येते. पाश्चात्त्य संचालकाचा हात ‘खाली’ येतो तो जोरकस मात्रेवर. आपल्या तालातील ‘खाली’ ही मात्र बिनजोराची जागा. उच्चार एकच असला तरी हे शब्द दोन आहेत. दिशावाचक ‘खाली’ निराळा आणि अरबीतून आलेला, ‘रिकामा’ या अर्थाचा ‘खाली’ निराळा. डावा हात कोणी किती हळू वा मोठ्याने वाजवावे, कोणी केव्हा प्रवेश करावा, स्वर कोठवर धरावा, हे सुचवितो. उजव्या हाताच्या खुणा बहुतांशी संकेताने ठरलेल्या असतात. डाव्या हाताच्या खुणा अर्थाशी साम्य राखणाऱ्या असतात. तळवा वर उचलला की ध्वनी वाढवावा, खाली दाबला की कमी करावा, हे कोणासही शिकवावे लागत नाही.

परंतु खरा भेद याहून खोल आहे. आपण टाळी देतो तेव्हा मात्रा आलेली असते. टाळी तिची साक्ष देते. संचालकाची महत्त्वाची खूण मात्र पहिल्या स्वराच्या आधी होते. हात वर उचलला जातो, त्याबरोबर संचालक श्वास घेतो, आणि त्या एका हालचालीतून पुढे येणाऱ्या स्वराची लय, त्याचा जोर आणि त्याचा स्वभाव वादकांना कळतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर टाळी वर्तमानकाळी आहे आणि संचालकाची खूण भविष्यकाळी. ती चुकली तर पुढचा स्वर फुटतो. स्वर फुटल्यावर खूण सुधारण्यात अर्थ उरत नाही.

अशा खुणेचे एक उदाहरण महाराष्ट्रास अपरिचित नाही. आळंदीहून पंढरपूरच्या वाटेवर मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला चोप उंचावतो आणि शेकडो टाळ-मृदंग क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि तक्रारीचे निवारण झाल्यावरच ते शांत होतात. एका उंचावलेल्या दंडाचा अर्थ सर्वांना ठाऊक असणे आणि तो मान्य असणे, या दोन गोष्टींवर ही व्यवस्था उभी आहे. वृंदसंचालकाचे सामर्थ्यही याहून वेगळ्या पायावर उभे नसते.

३

मेहली मेहता यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. व्हायोलिन हे त्यांचे वाद्य. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. प्रारंभी ते स्वतः प्रमुख व्हायोलिनवादक होते. पुढे संचालनाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९४० मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच उभारला.

या वृंदाची घडण ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या पुढील आयुष्याचा उलगडा होत नाही. त्यात हौशी पारशी वादक होते. चर्चच्या संगीतशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर व हॉटेलांतील वाद्यमेळांवर उदरनिर्वाह करणारे गोमंतकीय वादक होते. युरोपातून आश्रयार्थ आलेले ज्यू संगीतकार होते, आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादकांचे साहाय्य घ्यावे लागे. कोकणी, गुजराती, इंग्रजी, जर्मन अशा भाषा बोलणाऱ्या या मंडळींना एकत्र आणणारी भाषा दोनच होत्या : कागदावरील स्वरलिपी आणि संचालकाचा हात.

अशा वृंदाच्या तालमीस पुरेसा वेळ मिळणे दुर्घट होते. ज्याचे पोट दुसरीकडे भरते, त्याला सायंकाळी थकून यावे लागते. ज्याला बोलावणे येते, तो तालीम सोडून जातो. यावर मेहता यांनी घरीच तुकडीवार तालमी घेण्याचा उपाय केला. त्या तालमी ऐकत त्यांचे पुत्र झुबिन (जन्म १९३६) मोठे झाले. किशोरवयातच ते वडिलांच्या वतीने तुकड्यांच्या तालमी घेऊ लागले आणि सोळाव्या वर्षी पूर्ण वृंदासमोर तालमीसाठी उभे राहिले. अध्यापक म्हणून मेहली मेहता यांचे पहिले फलित ते हेच.

वयाच्या चाळिशीकडे झुकत असताना, १९४५ च्या सुमारास, मेहता न्यूयॉर्क येथे इव्हान गॅलामियन या विख्यात व्हायोलिनशिक्षकाकडे शिकावयास गेले. स्वतःचा वृंद स्थापन केलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊन काही वर्षे घरापासून दूर राहावे, ही गोष्ट लहान नाही. ते परतले तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि वृंदाला आधार देणारा युरोपीय समाज ओसरू लागला होता. युद्धकाळी आश्रयास आलेल्या संगीतकारांपैकी अनेकांनी मुंबई सोडली होती. १९५२ मध्ये यहुदी मेन्यूहिन यांच्यासारखा थोर वादक मुंबईस आला तेव्हा रसिकांची उणीव भासली नाही. वादकांना बारमाही वेतन देणारी व्यवस्था तेवढी नव्हती.

४

१९५५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मेहता यांनी मुंबई सोडली. मँचेस्टर येथील हॅले ऑर्केस्ट्रात सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली त्यांनी साहाय्यक प्रमुख व्हायोलिनवादकाचे स्थान पत्करले. जो मुंबईत सर्वांसमोर उभा राहत असे, तो येथे दुसऱ्याच्या हाताकडे पाहत बसला. याला पदावनती म्हणणे सोपे आहे. परंतु संचालकाची खूण वादकाच्या बाकावरून कशी दिसते, कोणती कळते आणि कोणती कळत नाही, हे ज्ञान त्या बाकावर बसूनच मिळते, हेही विसरता येत नाही. याच काळात झुबिन मेहता व्हिएन्ना येथे हान्स स्वारोव्हस्की यांच्याकडे संचालन शिकत होते. १९५८ मध्ये मँचेस्टरपासून जवळच असलेल्या लिव्हरपूल येथील संचालनस्पर्धेत ते पहिले आले.

१९५९ मध्ये मेहली मेहता अमेरिकेस गेले आणि फिलाडेल्फिया येथील कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये सुमारे पाच वर्षे वाजविते झाले. १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वृंदविभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९७६ पर्यंत सांभाळले. त्याच १९६४ साली त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण वादकांचा वृंद स्थापन केला आणि १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, त्याचे संचालन केले. व्यावसायिक वृंदात प्रवेश करण्यापूर्वी तरुणांनी मोठ्या रचना पूर्ण वृंदात बसून वाजवाव्यात, हा त्यामागील हेतू होता. १९ ऑक्टोबर २००२ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

संचालनाच्या अध्यापनात वृंदाचे एवढे महत्त्व का, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. व्हायोलिनचा विद्यार्थी आपले वाद्य घरी नेऊ शकतो. संचालनाच्या विद्यार्थ्याचे वाद्य म्हणजे समोर बसलेली ऐंशी माणसे. स्वरलेखन वाचणे, खुणांचे आकार, आरशासमोरील सराव एवढे खोलीत शिकता येते. पण खूण समजली की नाही, याचे उत्तर वृंदाच्या ध्वनीवाचून मिळत नाही. ऐकणारा कोणी नसेल तर भाषा शिकता येत नाही, हे बालभाषेच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

५

या विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. मेहली मेहता यांच्या अंगी असलेले गुण मुंबईतही तेच होते आणि लॉस एंजेलिसमध्येही तेच. तेथे ते पिढ्या घडवू शकले, कारण तेथे दर वर्षी नवे वादक येत, तालमीचे दिवस ठरलेले असत आणि विद्यापीठ मागे उभे होते. मुंबईत त्यांनी वीस वर्षे हे सारे एकट्याच्या बळावर आणि घराच्या दिवाणखान्यात करून पाहिले. विद्या व्यक्तीपाशी असते. तिची परंपरा व्हावयास संस्था लागते. संस्थाही आपोआप टिकत नाहीत, हे त्यांनी उभारलेली अमेरिकन यूथ सिम्फनी २०२४ मध्ये बंद पडली, यावरून दिसून येते.

मुंबईने त्यांचे स्मरण ठेवले आहे. १९९५ मध्ये त्यांच्या नावाने मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन स्थापन झाले आणि मुलांच्या संगीतशिक्षणाचे कार्य सुरू झाले. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आश्रयाने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वृंद उभा राहिला. १९५५ मध्ये जी व्यवस्था नव्हती, तिच्या दिशेने पडलेली ही पावले होत.

आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या भजनी मंडळांत मुख्य गायक खंजिरीवरचा हात क्षणभर रोखतो आणि मागचे सारे त्याबरोबर थांबतात. ही खूण कोणी लिहून ठेवलेली नाही. ती कशी शिकली जाते, कोणाकडून कोणाकडे जाते आणि कोणत्या मंडळात ती लोपत चालली आहे, याची नोंद घेणे आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. दूरच्या वृंदसंचालकाच्या अभ्यासातून जवळच्या या मूक भाषेकडे त्यांचे लक्ष गेले, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.