महागडी लॉक पक्कड स्वस्त पकडींपुढे टिकणार का? एका गंजलेल्या बोल्टची गोष्ट

जुलै महिना होता. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि मिरकरवाड्यात मामाच्या बोटीच्या इंजिनावर मी वाकलेलो. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप असतो ना, त्याच्या कव्हरचे बोल्ट काढायचे होते. सगळे निघाले, शेवटचा एक हटेना. गंजून इतका बसला होता की पान्याने त्याचं डोकंच गोल झालं.

मग मी पिशवीतून लॉकवाली पक्कड काढली. हिला गॅरेजमध्ये कुणी ग्रिप प्लायर म्हणतं, कुणी व्हाइस ग्रिप. बाजारातून दोनशे रुपयांच्या आत घेतलेली, चकचकीत. स्क्रू फिरवला, दांडे दाबले, 'कट्' असा आवाज आला. छान पकडलं असं वाटलं. जोर लावला आणि पक्कड सटकली. माझी बोटं थेट इंजिनाच्या कडेवर. पुन्हा लावली, पुन्हा सटकली. चौथ्या वेळी पाहिलं तर बोल्टचं डोकं गुळगुळीत गोटीसारखं झालं होतं आणि पकडीचे दातही झिजले होते.

शेवटी वेल्डर आणला. त्याने बोल्टच्या उरलेल्या डोक्यावर एक मोठा नट ठेवला, आतून वेल्ड मारला आणि पाना लावून बोल्ट बाहेर काढला. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते, म्हणून ही युक्ती चालते. वेल्डरचे पैसे गेले, एक दिवस गेला. मामा एवढंच म्हणाले, "हेच नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झालं असतं तर?"

तेव्हापासून डोक्यात प्रश्न बसला. महागडी लॉक पक्कड खरंच वेगळी असते का? आणि वेगळी असेल, तर स्वस्त पकडींच्या या पुरात ती विकली जाणार कशी?

आधी बघू, ही पक्कड लॉक कशी होते

उभं राहताना गुडघा सरळ ठेवला तर तुम्ही तासभर उभे राहू शकता. तोच गुडघा थोडा वाकवून उभं राहा, दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतील. सरळ गुडघ्यात वजन हाडांवरून थेट खाली जातं, स्नायूंना काम उरत नाही. हवाबंद बरणीच्या तारेच्या क्लिपमध्येही साधारण हेच असतं. एका ठरावीक जागेपर्यंत ती विरोध करते, ती जागा ओलांडली की स्वतःच बसते.

लॉक पकडीत वरचा जबडा आणि वरचा दांडा एकच असतो. खालचा जबडा एका खिळ्यावर फिरतो, त्याला खालचा दांडा जोडलेला असतो. त्या दांड्यापासून एक छोटी पट्टी निघते आणि वरच्या दांड्याच्या आत, मागच्या स्क्रूच्या टोकाला टेकते. तुम्ही दांडे दाबता तेव्हा खालचा जबडा, दांडा आणि ही पट्टी यांचे जोड हळूहळू एका सरळ रेषेत येतात. रेषेच्या जवळ आल्यावर गंमत होते. हात बराच हलतो, जबडा मात्र केसभरच सरकतो. म्हणजे तुमच्या हाताचा जोर तिथे कित्येक पटींनी वाढतो. मधला जोड रेषेच्या किंचित पलीकडे गेला की 'कट्'. आता बोल्ट जबड्याला जेवढा उघडायला ढकलेल, तेवढे दांडे आणखी बंद राहायला बघतात. हात काढला तरी चालतं.

'किंचित पलीकडे' हे शब्द लक्षात ठेवा. सगळा खेळ त्या किंचितचा आहे. पत्रा पातळ असेल, खिळ्याची भोकं सैल असतील, तर जोर आल्यावर सांगाडा वाकतो, जबडे एकमेकांपासून तिरके होतात आणि हाताने दिलेला जोर बोल्टपर्यंत पोहोचायच्या आधीच मधे जिरतो. 'कट्' आवाज येतोच. म्हणून दुकानात दांडे दाबून बघून काहीच कळत नाही, माझंही तेच झालं.

नेब्रास्कातला लोहार

ही कल्पना विल्यम पीटरसन या लोहाराची. डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेला हा माणूस नेब्रास्का राज्यातल्या डी विट नावाच्या छोट्या गावात लोहारकाम करायचा. काम करताना तापलेला तुकडा धरायला तिसरा हात नसतो, ही लोहाराची जुनी तक्रार. त्यावर उपाय म्हणून त्याने पक्कड बनवली. पहिलं पेटंट १९२१ चं, आणि लॉक होणाऱ्या दांड्याचं १९२४ चं. नाव ठेवलं व्हाइस ग्रिप. सुरुवातीला तो गाडीतून फिरून शेतकऱ्यांना आणि मेकॅनिकना विकायचा. १९३८ मध्ये डी विटमध्ये कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीतल्या वेल्डरांच्या हातात ही पक्कड गेली. पुढे १९५७ मध्ये झटकन सोडणारा छोटा खटका आला, जो आज आपल्या दोनशेच्या पकडीतही असतो.

त्या काळी अमेरिकेत पेटंट १७ वर्षं टिकायचं. म्हणजे १९४० च्या दशकापासूनच ही रचना कुणीही बनवायला मोकळं होतं. तरीही पुढची अनेक दशकं पीटरसन घराण्याचा धंदा चालला, कारण गिऱ्हाइकाला माहीत होतं की हे नाव दिसलं की दात टिकणार.

नाव राहिलं, कारखाना गेला

२००२ मध्ये ही कंपनी न्यूवेल रबरमेड या मोठ्या समूहाने घेतली आणि व्हाइस ग्रिप हे नाव आयर्विन ब्रँडखाली आलं. ऑक्टोबर २००८ मध्ये डी विटचा कारखाना बंद झाला, उत्पादन चीनला गेलं. जेमतेम पाच-सहाशे वस्तीच्या गावात तीनशेवर नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे एखाद्या तालुक्यातला एकमेव साखर कारखाना बंद पडावा, तसं. २०१७ मध्ये आयर्विन स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं.

चीनमध्ये बनलं म्हणून वाईट, असं मी म्हणत नाही. तिथे उत्तम हत्यारंही बनतात आणि रद्दीही. अडचण वेगळी आहे. गिऱ्हाईक जास्त पैसे देत होतं ते नावातून मिळणाऱ्या खात्रीसाठी. कारखाना हलला की त्याला वाटायला लागतं, आता हीसुद्धा तिथलीच आणि शेजारची अर्ध्या किमतीचीही तिथलीच, मग जास्त का द्यायचे? खरा फरक असला तरी तो डोळ्याला दिसत नाही. खर्च वाचला आणि जास्त किंमत मागण्याचं कारणही त्याबरोबर गेलं.

याच्या उलट प्रयोगही झाला. मिनेसोटातल्या मॅल्को कंपनीने डी विटचा तोच जुना कारखाना घेतला आणि अमेरिकेत बनलेली ईगल ग्रिप नावाची लॉक पक्कड आणली. हत्याराच्या शौकिनांनी तिचं कौतुक केलं. पण किंमत आयर्विनपेक्षा कितीतरी जास्त, आणि काही वर्षांतच मॅल्कोने तो नाद सोडला. कौतुक करणारे पुष्कळ असतात, पाकीट उघडणारे थोडे.

मग जर्मनीतली निपेक्स कशी उभी आहे? १८८२ पासूनची ही घरंदाज कंपनी वुपरटालमध्ये पकडी बनवते आणि त्या चांगल्याच महाग असतात. माझ्या मते कारण हे की तिने जुनंच हत्यार जास्त किमतीत विकण्यावर भिस्त ठेवली नाही. तिची कोब्रा पक्कड बघा. बटण दाबून माप बदलतं, पाइपवर स्वतःच आवळत जाते आणि दात वेगळे तापवून साधारण ६१ रॉकवेल कडक केलेले असतात. असे दात सहजासहजी गोल होत नाहीत. ती लॉक होत नाही, हे खरं, पण गंजलेला बोल्ट काढायच्या कामात ती लॉक पकडीचीच जागा घेते.

स्वस्तवाली सगळीकडे वाईट नाही

एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे खिळ्यावर दहा-बारा स्वस्त लॉक पकडी लटकलेल्या. त्याला विचारलं, चांगल्या का नाही घेत? तो हसला. "साहेब, ह्या वेल्डिंगचे शिंतोडे खायला ठेवल्यात." ग्रिलच्या दोन पट्ट्या वेल्ड होईपर्यंत जागेवर धरायच्या, एवढंच काम. तिथे पिळायचा जोर नसतो, फक्त दाबून धरायचं असतं, आणि त्याला सैल खिळ्याची पक्कडही पुरते. शिंतोड्यांनी स्क्रू जाम झाला की फेकायची. त्याने हजारोंची पक्कड घ्यावी असं सांगणारा माणूस त्याचा धंदा जाणत नाही.

म्हणजे एकाच हत्याराची दोन कामं आहेत. धरून ठेवणं आणि पिळणं. पहिल्या कामात स्वस्त पक्कड जिंकली, आणि हक्काने जिंकली. विक्रीचा मोठा हिस्सा त्याच कामाचा असणार. महागडीला उरतं दुसरं काम, म्हणजे गंज.

आता गंजाच्या बाबतीत रत्नागिरीसारखं गाव शोधून सापडणार नाही. खारा वारा, चार महिने पाऊस, घराचं फाटक असो की दुचाकीचा सायलेन्सर, सगळं लाल होतं. इथे तरी चांगल्या पकडीला बाजार हवा, नाही का?

हाच प्रश्न मी बंदरावरच्या एका जुन्या फिटरला विचारला. त्याचं उत्तर ऐकून माझं गणितच बदललं. तो म्हणाला, "पक्कड झिजून कधी गेली नाय माझी. एकतर पाण्यात पडते, नायतर कोण मागून नेतो."

हे कुठल्याही रिव्ह्यूमध्ये येत नाही. समजा सहाशेची पक्कड सहा वर्षं टिकते, म्हणजे वर्षाला शंभर रुपये. दोनशेची एक वर्ष टिकते, वर्षाला दोनशे. कागदावर महाग पक्कड स्वस्त पडली. पण दोन्ही वर्षभरातच हरवणार असतील, तर महागडी वर्षाला सहाशेला पडते आणि स्वस्तवाली दोनशेलाच. जिथे हत्यार हरवतं, तिथे टिकाऊपणाला किंमत उरत नाही. फिटर अडाणी म्हणून स्वस्त घेत नाही, त्याचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का असतो.

त्याच्या हिशोबात फक्त एक रकाना नसतो: सटकलेल्या पकडीने खाल्लेला दिवस. कारण तो दिवस बहुतेक वेळा बोटवाल्याचा जातो, फिटरचा नाही. पक्कड विकत घेणारा एक आणि ती सटकल्यावर भोगणारा दुसरा. महागड्या पकडीचं आपल्याकडे अडतं ते मला वाटतं इथे. ज्याचं इंजिन, त्याचीच पक्कड असेल, तिथे मात्र ती विकली जाते.

मधली वाट आपल्याकडेच आहे

भारतात या दोन टोकांच्या मधे एक जागा आहे आणि ती बऱ्यापैकी आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीने व्यापली आहे. टपारियाचा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत. १९६९ मध्ये स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात झाली. आज गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात 'पक्कड द्या' म्हटलं की 'टपारिया देऊ की साधी?' असाच प्रश्न येतो. किंमत साध्यापेक्षा दुप्पट-तिप्पट, पण जर्मन पकडीच्या काही अंशच. मोठा फायदा म्हणजे ती गल्लीतल्या दुकानात मिळते, ऑनलाइन मागवून वाट बघावी लागत नाही. गंजलेला बोल्ट वाट बघत नाही.

विकत घेताना काय बघाल?

पक्कड बंद करून उजेडासमोर धरा. जबड्यांमधून एका बाजूने फट दिसली तर ठेवून द्या. मग ती उघडून खालचा जबडा बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. थोडा खेळ चालतो, डुगडुगणारा नको. मागचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून आटे बघा, कारण स्वस्त पकडीत दातांच्या आधी आटे जातात.

खरी परीक्षा कानशीची, पण ती विकत घेतल्यावरच. आपल्या रत्नागिरीत वर्षानुवर्षं कानशी बनत आल्या आहेत, रेमंड समूहाच्या जे. के. फाइल्सच्या कारखान्यात, तेव्हा कानस घरी असेलच. कानशीचं पोलाद साधारण ६० रॉकवेलच्या वर असतं. दाताच्या आतल्या कोपऱ्यावर ती एकदा हलकेच फिरवा. मऊ दातावर कानस लोण्यासारखी चालते, चांगल्या दातावर कुरकुरत घसरते. माझ्या त्या दोनशेच्या पकडीवर मी हे करून बघितलं. ती लोणी निघाली.

मी मधल्या किमतीची एक घेतली. तिच्या दांड्याला नायलॉनची दोरी बांधून दुसरं टोक बोटीच्या कठड्याला अडकवतो, म्हणजे पाण्यात पडायचा प्रश्न मिटला. मागून नेणाऱ्यांचा अजून मिटलेला नाही. गेल्या आठवड्यात मामाच घेऊन गेले आहेत.