जीप कोणाच्या नावावर?

निफाड तालुक्यात जुनी जीप घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मॉडेल कोणतं?’ प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र सोपे नाही. समोर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट एका काळातले, इंजिन दुसऱ्या काळातले आणि मागचा सांगाडा गावातल्याच वेल्डिंगवाल्याने ठोकलेला असू शकतो. बँकेच्या नोकरीत अशा बऱ्याच गाड्यांचे कागद माझ्या टेबलावरून गेले. त्यावरून एक गोष्ट मनात पक्की बसली. जीपचे सारे काही बदलता येते. बदलत नाही तो चेसिसचा नंबर, आणि बदलायचे राहून जाते ते मालकाचे नाव.

जीप जन्मली लढाईसाठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने ती बनवली आणि १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे आली उंच बॉनेटची ‘सीजे-थ्री-बी’. ती उंची शोभेची नव्हती. नवे इंजिनच उंच होते, त्याला जागा हवी होती. ही गाडी पेट्रोल मात्र सढळ हाताने पीत असे. म्हणून जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याचा उद्योग गावोगावच्या मेस्त्रींनी केला. कंपनीनेही ऐंशीच्या दशकात ‘एमएम ५४०’ला प्यूजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन दिले. नंतरच्या कमांडर-मार्शलमध्ये माणसे जास्त बसू लागली, पण त्यांतल्या पुष्कळ गाड्यांना ओढ होती ती फक्त मागच्या चाकांची.

२००० मध्ये बोलेरो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २०१० मध्ये थार. २०२० मध्ये थारचा नवा अवतार आला, त्यात आपोआप बदलणारे गिअर आणि बोटाने चालणारा पडदा. २०२३ पासून तर थारही फक्त मागच्या चाकांच्या ओढीची मिळू लागली. रूप रांगडे, पण चिखलात रुतली की ट्रॅक्टर बोलवा! आमच्याकडच्या काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर कालव्याकाठची वाट म्हणजे लोणीच. द्राक्षांचे क्रेट आता पिकअप वाहते, फवारणी ट्रॅक्टर करतो. एकेकाळी औतासारखी राबणारी जीप आता बहुतेकांच्या हौसेचा भाग झाली आहे. हौसेला माझी ना नाही. पण घेणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, मला चिखलात जायचे आहे की चौकात?

बघायला जाल तर सकाळी, इंजिन गार असताना जा. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे सांगत नाही. खाली वाकून चेसिसला गंज वा नवे वेल्डिंग आहे का पाहा. चारही चाकांची ओढ डांबरी रस्त्यावर तपासू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा फेर सारखा नसतो आणि जुन्या जीपच्या रचनेत तेवढी मुभा नसते. गाडी नांगरटीत न्या आणि तिथे छोटा दांडा टाकून पाहा. मग चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा आरसी बुकाशी ताडून बघा. इंजिन बदललेले असेल तर त्याचीही नोंद हवी. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर फेरनोंदणीचा खर्च किमतीत धरा. मोटारीचे हे शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले.

हे सारे घेणाऱ्याच्या हिताचे झाले. विकणाऱ्याचे काय?

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या एका दिवंगत स्नेह्यांच्या पत्नीने त्यांची २०१२ सालची थार विकायला काढली. गिऱ्हाईक आले तेच रोख रक्कम घेऊन. ‘गाडी आज नेतो, नावाचं सावकाश बघू,’ म्हणाले. मी थांबा म्हटल्यावर वहिनींना वाटले, चालून आलेले गिऱ्हाईक जाणार.

‘भाऊजी, गाडी गेल्यावर माझं काय राहिलं तिच्यात?’

‘नाव राहतं, वहिनी. तेही त्यांचं.’

२०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याची. विमा संपलेला असेल तर ती झळ थेट घरापर्यंत येते.

कागद उघडले तर कर्ज केव्हाच फिटलेले, पण आरसी बुकावरचा बँकेचा बोजा तसाच. मग बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म. वारस म्हणून वहिनींच्या नावावर गाडी करायला ३१ नंबरचा. विक्रीसाठी २९ आणि ३०. नाशिकच्या आरटीओत खेपा झाल्या. रोखवाले गिऱ्हाईक दुसरी गाडी घेऊन मोकळे झाले. अडीच महिन्यांनी पिंपळगावकडच्या एका बागायतदाराने थार नेली, पंधरा हजारांनी कमी किमतीत.

वहिनींनी पैसे मोजले नाहीत. आधी नव्या मालकाच्या नावाचे आरसी बुक मागून घेतले, चष्मा लावून नाव दोनदा वाचले आणि मगच किल्लीची दुसरी जोडी त्याच्या हातात ठेवली.