लम्पीची लस टोचली, पण ती पुरते किती दिवस?

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

मलकापूर, मोताळा, नांदुरा या बाजूच्या पशुपालकांकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "मागच्या साली लम्पीची लस दिली होती ना, मग आता परत कशाला?" प्रश्न रास्त आहे, तर आज त्याच्यावरच बोलू.

आधी थोडं मागे जाऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी सापडला. बघता बघता तो बुलढाण्यात आला आणि कित्येक गोठे रिकामे झाले. सरकारने दुधाळ जनावरामागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत ठरवली. पण पेरणीच्या दिवसांत जोडीतला एक बैल गेला की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं!

तेव्हा आपल्याकडे टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. गायीला शेळीची लस कशी चालते? तर शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू एकाच घराण्यातले, सख्खे भाऊच म्हणा. एकाची ओळख झाली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. खास लम्पीवरची 'लम्पी-प्रोव्हॅकइंड' ही लस हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांनी बनवली आणि ती १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली.

आता मुख्य मुद्दा. लस टोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, दिसू लागतात. महिन्याभरात त्या भरपूर होतात आणि नंतर हळूहळू उतरतात. म्हणून आज लस टोचली आणि उद्यापासून जनावर सुरक्षित, असं होत नाही. तीन आठवडे तरी धरून चाला.

मग अँटीबॉडी उतरल्या म्हणजे संरक्षण संपलं का? लम्पीत तसं नसतं. लस दिलेल्या काही जनावरांच्या रक्तात अँटीबॉडी जेमतेम सापडतात, तरी ती आजाराला तोंड देतात. कारण या रोगाशी लढण्यात शरीरातल्या पेशींचा वाटा मोठा आहे आणि त्या पेशींची तयारी अँटीबॉडीच्या तपासणीत दिसत नाही. पण या तयारीचा भरवसा साधारण वर्षभराचाच धरतात. म्हणून दरवर्षी लस.

लाळ्या-खुरकूताचं गणित वेगळं आहे. त्या लसीतला विषाणू मारलेला असतो, त्यामुळे तिचा जोर लवकर ओसरतो आणि ती दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. लम्पीच्या लसीतला विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. म्हणजे एका लसीचा हिशोब दुसरीला लावू नका.

सगळ्यात नाजूक बाब वासरांची. २०२३ मध्ये लम्पी परत आला, तेव्हा लहान वासरांना त्याचा त्रास जास्त झाला. लस दिलेल्या किंवा लम्पीतून उठलेल्या गाईच्या चिकातून वासराला आयत्या अँटीबॉडी मिळतात. त्या अंगात असताना लस टोचली, तर त्या लसीतल्या विषाणूलाच मारतात आणि डोस वाया जातो. आणि तीन-चार महिन्यांत त्या आयत्या अँटीबॉडी संपल्या की वासरू उघडं पडतं. म्हणून अशा गाईच्या वासराला साधारण चौथ्या महिन्यात लस द्या. आईला लसही नाही आणि रोगही झालेला नाही, तर इतकं थांबायची गरज नाही. मात्र चीक दोन्ही वासरांना पाजायचाच, पहिल्या एक-दोन तासांत.

मग करायचं काय?

– पावसाळ्यात माशा-डास वाढायच्या आधीच लस उरकून घ्या.
– कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लसीची तारीख एका वहीत लिहा. वासरासाठी जन्मतारीख आणि आईच्या लसीची तारीखही टाका.
– लस निरोगी जनावरालाच. ताप किंवा गाठी दिसल्या तर ते जनावर वेगळं बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
– प्रत्येक जनावराला नवी सुई वापरायला सांगा. यात संकोच नको.
– लस झाली तरी गोचीड आणि माशांचा बंदोबस्त चालू ठेवा.

तुमच्या गोठ्यात चार महिन्यांच्या आसपासचं वासरू असेल, तर आजच त्याच्या आईच्या लसीची तारीख शोधा आणि डॉक्टरांना विचारून त्याचा दिवस ठरवा. प्रश्न असतील तर पाठवत राहा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!